आधी हात ओले करायचे

शेजारचे काका आमच्या ओम्याला घ्यायच्या आधी हात ओले करायचे. धुवायचे नाहीत, नुसते ओले. नळाखाली तळवे धरायचे, पालथे करायचे आणि न पुसता, पाणी टिपकत असतानाच पुढं करायचे. "द्या आता," म्हणायचे. मग ओम्याच्या झबल्यावर दोन ओले पंजे उमटायचे.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या लेकराला कुणी असं घेतलं तर तुम्हाला काय वाटंल? मला वाटलं, सोवळं. काका पुण्याचे, शाकाहारी, इथल्या तांजोंग पगार भागात बँकेत मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. आणि आम्ही भोई, उजनीच्या पाण्यावर मासं धरणारे. मी म्हटलं, एवढं विमानात बसून सिंगापूरला आलो, दहाव्या मजल्यावर राहायला आलो, आणि ते इथं पण आलंच. पण मग मनात यायचं, विटाळ मानणारा माणूस घेतल्यावर हात धुतो, घ्यायच्या आधी कशाला धुवंल? विचारायची हिंमत नव्हती. मला तेव्हा कशाचीच हिंमत नव्हती.

मी आठवी शिकलेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी इथं सेम्बावांगला आले, एकविसाव्याला ओम्या झाला. आमचे हे शिपयार्डात सुपरवायझर, पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मला लिफ्टचं भ्या, लिफ्टमध्ये कुणी इंग्रजीत बोललं तर त्याचं भ्या, दंडाचं तर लईच भ्या. इथं कशाकशाला दंड असतो हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यालाच दंड असतो असं धरून चालायची. पोराला खाली बागेत न्यायला मला चार महिने लागले, आणि तेही काका सोबत आले म्हणून. आमच्या शेजारचंच दार त्यांचं. बायको आधीच वारलेली, मुलगी सिडनीला. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला अहो म्हणायचे. "अहो ओमची आई, चला, खाली वाघ नाहीये." मला माझ्या लग्नातसुद्धा कुणी अहो म्हटलं नव्हतं.

एक दिवस त्यांचं दार उघडं होतं. मी डब्यात उपीट द्यायला गेले तर जेवायच्या टेबलावर पेपर पसरलेला आणि पेपरवर गळ. एक नाही, पन्नास असतील. काका चष्मा नाकावर ओढून, हातात छोटी पक्कड घेऊन एकेका गळाचा काटा दाबत होते. तुम्ही गळ बघितला असंल तर तुम्हाला माहीत असंल, टोकाच्या जरा खाली उलटा काटा असतो, तो माशाच्या तोंडात अडकतो म्हणून तर मासा सुटत नाही. काका नेमका तोच चपटा करत होते.

मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले.

"काका, हे गळ हायेत."

"हो. तुम्हाला कसे माहिती?"

"माझा बाप भोई. जाळं लावतो, गळबी टाकतो."

काका खुर्चीवरून उठले. खरंच उठून उभे राहिले, जणू मी कुणा मोठ्या माणसाचं नाव घेतलं. "मग बसा," म्हणाले. "तुम्हाला सगळं दाखवतो. या अख्ख्या ब्लॉकमध्ये मला बोलायला माणूस नव्हता."

तर असं होतं. काका दरवर्षी आषाढात कॅनडाला जायचे, पार उत्तरेला, जिथं रस्ताच जात नाही. आधी मोठं विमान, मग लहान विमान, मग पाण्यावर उतरणारं विमान. तिथं नदीच्या काठी लाकडाच्या सातआठ खोल्या, त्याला लॉज म्हणायचं. आठ दिवस राहायचं आणि नदीत मासं धरायचं. पहिल्यांदा बँकेच्या गोऱ्या साहेबानं नेलं, नको नको म्हणत गेले, आणि तेव्हापासून बारा वर्षं चुकवलं नाही. बायको होती तोवर तिला ऑफिसचं काम सांगून जायचे.

"पण काका, तुम्ही खात नाही ना?"

"छे. आमच्यात चालत नाही."

"मग धरलेलं मासं?"

"सोडून देतो."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतात. मग त्यांनी फोनवर फोटो दाखवले. हे एवढे मासे, माझ्या बापानं एक धरला असता तर आठवडाभर घर जेवलं असतं. आणि सगळे सोडलेले! मला खरंच धक्का बसला. तुम्ही म्हणाल एवढं काय, पण आमच्यात मासा म्हणजे भाकरी. भाकरी हातात घ्यायची, तिच्याशी खेळायचं आणि टाकून द्यायची? मी तोंडावर बोलले, मला कळलंच नाही मी कशी बोलले.

"सोडायचाच हाय तर धरता कशाला? त्याचं तोंड फाडायला?"

काका रागावले नाहीत. पक्कड ठेवून दिली. "म्हणून तर काटा दाबतो," म्हणाले. "तिथला नियमच आहे. काटा नसला की गळ सरकन निघतो, तोंड फाटत नाही. आणि हात ओले करायचे. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघून जातो. सोडल्यावर पोहत जातो, आपल्याला वाटतं जगला, पण चार दिवसांनी मरतो. पहिल्या वर्षी मी कोरड्या हातानं धरले. माझ्या गाइडनं सांगितलं तेव्हा मी मोजत बसलो, किती मारले असतील."

मग म्हणाले, "तेव्हापासून सवय लागली. जिवंत काही हातात घ्यायचं म्हटलं की हात आपोआप नळाकडे जातात."

मी घरी येऊन ओम्याची झबली घडी करत बसले. चार महिने मी त्या ओल्या पंजांना काय काय समजले होते.

त्यानंतर आमची गट्टीच जमली. संध्याकाळी काका ब्लॉकखालच्या गवतात दोरी फेकायचा सराव करायचे, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा, आणि लांब ठेवलेलं प्लास्टिकचं घमेलं. गोंडा घमेल्यात पडला की ओम्या टाळ्या पिटायचा. तिसऱ्या मजल्यावरची चिनी आंटी वरून, इथल्या सगळ्यांसारखं शेवटी लाह जोडून, ओरडायची, "अंकल, हिअर नो फिश लाह!" काका खालून ओरडायचे, "आंटी, नो हुक ऑल्सो लाह!" मी गाठी मारून द्यायची. माझ्या बापाची जाळ्याची गाठ बघून काका म्हणाले, "ही मी गाइडला शिकवणार." माझ्या बापाची गाठ कॅनडात! मी ते फोनवर बापाला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याला सांग, गाठ ओली करून ओढायची." ती पण ओली. काका लई हसले.

आता जावळाचं सांगते.

ओम्याला वर्ष होत आलं. सासूबाई रोज फोनवर, "जावळ कधी काढता?" ह्यांना रजा मिळत नव्हती. शेवटी सासूबाई म्हणाल्या तिथंच काढा, पण मामाच्या मांडीवर काढा, आणि केस वाहत्या पाण्यात सोडा, कुणाच्या हाती लागू देऊ नका, पायाखाली येऊ देऊ नका. मामा कुठनं आणू? माझा भाऊ इंदापुरात. काकांना विचारलं तर म्हणाले, "मी बसतो की. मामा काय, काका काय." न्हावी घरी आला. काकांनी हात ओले केले, ओम्याला मांडीवर घेतलं आणि ओम्या रडला नाही. फोन स्पीकरवर ठेवलेला, त्यातून सासूबाई विचारत होत्या, "पोरगं गप कसं?"

केस मी पांढऱ्या फडक्यात बांधले, हळद-कुंकू लावलं, लाल दोरा गुंडाळला. पण सोडू कुठं? इथली नदी म्हणजे सिमेंटचा नाला. त्यात काही टाकलं तर दंड. हे म्हणाले समुद्रात टाकू, तर सासूबाई म्हणाल्या समुद्र साचलेला असतो, नदीच पाहिजे. पुडकं तीन आठवडे तांदळाच्या डब्यावर पडून होतं. मला झोप लागंना. काका कॅनडाला निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "द्या इकडे. माझ्याकडे खरी नदी आहे. तुमची भीमा तिच्यासमोर पोरगी."

मी दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

दहा दिवसांनी काका परत आले. नाक सोललेलं, डासांनी कान सुजलेले, आणि असे खूश की दारातूनच हाका. "ओमची आई! काम झालं! नारळ नव्हता म्हणून सफरचंद वाहिलं!" मी पाया पडले. मग ते म्हणाले, "आता गंमत बघा." आणि फोन पुढं केला.

मगरीसारखं तोंड असलेला मासा, तिकडं पाईक म्हणतात त्याला. हिरवट अंग, पांढरे ठिपके. नावेला लागून पाण्यात आडवा, आणि जबड्याच्या कोपऱ्यात पिसांचा गळ. पिसांच्या मुळाशी काळा झुपका आणि लाल दोरा.

"ओळखा, कुणाचे केस?"

मला आधी कळलंच नाही. मग तो लाल दोरा दिसला.

"चिमूटभर ठेवले होते मागे. खोटी माशी बांधली त्यांची, गळावर आमिष म्हणून. बारा वर्षांत एवढा मोठा लागला नव्हता मला! तुमच्या ओमनं धरलाय हा!"

"मग... सोडला?"

"सोडायची वेळच आली नाही. फोटो काढला आणि त्यानं दोरी तोडली. गेला घेऊन."

तुम्हाला हसू येईल, मला माहीत आहे, तुमच्यातले शिकलेले हसतीलच. पण माझ्या लेकराचे पहिले केस, जे कुणाच्या हाती लागायचे नव्हते, ते जगाच्या त्या टोकाला एका जिवंत माशाच्या तोंडात गळासकट टोचलेले होते आणि तो मासा पोहत होता. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. "तुम्ही माझं पोर गळाला लावलं" असं बोलले एवढं आठवतं. काकांचं तोंड एकदम लहान झालं. "मला वाटलं तुम्हाला आनंद होईल," म्हणाले. मी ओम्याला उचललं आणि दार लावलं.

चौथ्या दिवशी ओम्याला ताप भरला. पाचव्या दिवशी तो दूध घेईना. चमचा लावला की किंचाळायचा. मी बोटानं ओठ वर केला, तर तोंडात फोड. जिभेवर, टाळूला आणि एक मोठा, लाल, बरोबर जबड्याच्या कोपऱ्यात.

मी खालीच बसले. फरशीवर.

डॉक्टरीण म्हणाली, हँड फूट माउथ, तोंडात आणि हातापायांवर फोड येणारा ताप, ओम्या नुकताच जायला लागलाय त्या पाळणाघरातून आला असंल, सगळ्या पोरांना होतो, आठवडाभरात जाईल, पाणी पाजत राहा. हे म्हणाले, "ऐकलंस ना? येडी का काय तू!" पण ओम्या पाणीही घेत नव्हता. ओठ सुकले होते. डॉक्टरीण हेही म्हणाली होती की पाणी पोटात गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागंल, नळी लावावी लागंल. माझ्या डोळ्यांपुढं सारखा तो मासा. त्याला गळ टोचतोय, तो खात नाही, म्हणून माझं पोर खात नाही. मासा मेला तर?

सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. ह्यांना सांगितलं तर हे चिडणार. शेवटी मी काकांचंच दार वाजवलं. पोर खांद्यावर, पायात चप्पल नाही. त्यांनी दार उघडलं आणि मी एका दमात सगळं ओकले, फोड, जबडा, मासा, सगळं.

मला वाटलं आता समजावतील. अंधश्रद्धा म्हणतील. पुण्याचा शिकलेला माणूस. पण ते नळाकडे गेले, हात ओले केले, ओम्याला घेतलं, त्याच्या तोंडात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "कोपऱ्यातला कुठल्या बाजूचा?"

"डाव्या."

त्यांनी फोन काढून फोटो बघितला. माशाला गळही डाव्याच बाजूला. त्यांनाही धक्काच बसला होता.

मग त्यांनी कॅनडाला फोन लावला. लॉजवरचा फोन उपग्रहावरून चालतो, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा गाइड आला. काका इंग्रजीत बोलत होते, बँकेतल्यासारखं, अगदी गंभीर. पलीकडचा माणूस आधी हसला, मग हसायचा थांबला. काकांनी फोन माझ्या कानाला लावला. मला एक अक्षर कळलं नाही, पण त्या माणसाच्या मागं पाणी वाहताना ऐकू येत होतं. खळाळतं पाणी. आमच्या धरणाआधीच्या नदीबद्दल माझी आजी सांगायची तसं.

"काय म्हणतो तो?"

"विचारतोय, काटा दाबला होता का. मी म्हटलं, मी स्वतः दाबला. तर म्हणतो, मग काळजी नको. मासा तोंड घासतो दगडावर, दोन-तीन दिवसांत गळ गळून पडतो. एव्हाना पडलाही असेल. आणि विचारतोय, पोरगा कसा आहे."

मी भोयाची पोर आहे, मला माहीत होतं की हे खरं आहे. काटा नसला की गळ राहत नाही. मी ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्या छातीत नीट श्वास गेला. काकांनी चमचा घेतला, गार पाण्यात बुडवला, ओम्याच्या ओठांवरून फिरवला. एक थेंब, मग अजून एक. तासभर. काका पाठ टेकून बसलेसुद्धा नाहीत. सातवा चमचा का आठवा, ओम्यानं गिळला.

तीन दिवसांत फोड गेले. काकांनी परत कधी त्या माशाचं नाव काढलं नाही. पण पुढच्या वर्षी आषाढात निघताना, बॅग लिफ्टमध्ये ठेवून, दार बंद होऊ नये म्हणून बटण दाबून धरलं आणि म्हणाले, "नदीच्या त्याच वळणावर जाणार आहे. तो तिथंच राहतो, जागा सोडत नाहीत ते. तोंड बघून येतो त्याचं."

"नका काका आता, कशाला..."

"नाही. बघून येतो."

गेल्यावर पाचव्या दिवशी फोटो आला. पाईक, मोठा, पाण्यातच धरलेला. काकांचे ओले हात त्याच्या पोटाखाली, तोंड उघडलेलं, डावा जबडा स्वच्छ. खाली मराठीत लिहिलेलं, "तोच आहे. तोंड साफ. ओमला सांगा."

मी फोटो मोठा केला. मग मागच्या वर्षीचा काढला, काकांनी तेव्हा पाठवलेला, मी तो पुसला नव्हता. दोन्ही बघितले.

तो तोच मासा नव्हता. मागच्याच्या कल्ल्यामागं तीन ठिपके एकमेकांना चिकटलेले, साखळीसारखे. ह्याचे सगळे सुटे. माझा बाप म्हणायचा, माशाचे ठिपके म्हणजे त्याचं गोंदण, गोंदण बदलत नसतं. आणि काकांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांनीच मला सांगितलं होतं की गाइड एकेक मासा ठिपक्यांवरून ओळखतो.

म्हणजे काका माझ्याशी खोटं बोलले. बारा-तेरा वर्षं माशांशी कधी खोटं वागला नाही तो माणूस माझ्यासाठी दुसराच मासा धरून उभा राहिला. मला हसू आलं, आणि रडू पण. मी ठरवलं, काका आले की दारातच धरायचं. म्हणायचं, "काका, भोयाच्या पोरीला फसवता का?" त्यांचं तोंड कसं होईल ते मी डोळ्यांपुढं आणत होते. दोन-तीनदा आरशापुढं म्हणून पण बघितलं.

रविवारी सकाळी शेजारच्या कुलपाचा आवाज आला. परतायला दोन दिवस होते, पण मी म्हटलं आले असतील लवकर. ओम्याला कडेवर घेतलं आणि धावलेच. "काका! भोयाच्या पोरीला—"

दारात एक बाई होती. पस्तिशीकडं झुकलेली, प्रवासातले कपडे, हातात काकांच्या दाराच्या किल्ल्या. नाक काकांचं.

"तुम्ही ओमची आई ना?" ती म्हणाली. "बाबा तिथंच गेले. शुक्रवारी. नाश्ता करून उठले आणि... मी सिडनीहून तशीच आले, त्यांचे कागद घ्यायला."

मी शुक्रवारी काय करत होते? मी शुक्रवारी त्या फोटोतले ठिपके मोजत होते. तिच्या मागं टेबल दिसत होतं, त्यावर छोटी पक्कड, पेपर, काटा दाबायचे राहिलेले चार गळ. तिनं ओम्याकडं बघितलं, बघता बघता तिचे डोळे भरले आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "घेऊ का याला? बाबा फोनवर याचंच सांगायचे."

ओम्या मागं सरकला. माझ्या गळ्याला धरलं. तिच्या हातांकडं बघितलं, कोरड्या हातांकडं, आणि पाळणाघरातल्या टीचरसारखं बोट दाखवून म्हणाला, "नो लाह. वेट हँड फर्स्ट."

तिला कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी नुसतं काकांच्या नळाकडं बोट केलं.